कॉलेजचा ताण, योग आणि व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सबमिशनचा आठवडा सुरू झाला की जिमखान्यातली गर्दी ओसरते आणि आमच्या केबिनच्या दारात वाढते. कुणाची मान धरलेली असते, कुणाला झोप येत नाही, कुणाला एक्स्टर्नलच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या, नुसत्या नावाने मळमळतं. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकत्र लिहून ठेवले आहेत. उत्तरं शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या माणसाची आहेत, डॉक्टरची नाहीत. जिथे डॉक्टरकडे जायला हवं, तिथे तसं सांगितलं आहे.

ताण आला की शरीरात नेमकं होतं काय? आणि हातपाय हलवून तो कमी कसा होणार?

उद्या एम-थ्रीचा (तिसऱ्या गणिताचा) पेपर आहे आणि दोन युनिटांना हातही लावलेला नाही, हे ध्यानात आलं की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल. ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, पचन मंदावतं, तळहात गार पडतात, पोटात गोळा येतो. ही सगळी तयारी पळण्याची किंवा झुंजण्याची. तुम्ही मात्र कॉटवर बसून पीडीएफ खालीवर करत असता. तयारी झाली, पण ती खर्चीच पडली नाही. असं रोज रोज झालं की डोकं जड, झोप उडालेली आणि रूममेटवर विनाकारण खेकसणं सुरू.

व्यायामाने फरक पडतो तो दोन वाटांनी. एक वाट दमण्याची. पळणं, जिना चढणं, जोर-बैठका यांत ती तयारी वापरली जाते आणि थांबल्यावर ठोके हळूहळू खाली येतात. नियमित करणाऱ्यांचे ठोके लवकर उतरतात. शिवाय छाती धडधडली म्हणजे काही भयंकर होत नाही, हे शरीराला ओळखीचं होतं. पॅनिकची भीती बसलेल्या मुलांना याचा मला फार उपयोग झालेला दिसतो.

दुसरी वाट श्वासाची. ठोक्यांना, पचनाला, घामाला हुकूम सोडता येत नाही, श्वासाला येतो. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. सोडणं लांबवलं की व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. प्राणायामात, आसनात टिकून राहताना आणि शवासनात याच नसेचा फायदा मिळतो.

बॅकलॉग मात्र जिथे होता तिथेच राहतो. अंग मोकळं झालं, डोकं थोडं शांत झालं की तो काढायला बसता येतं, इतकंच व्यायाम करू शकतो. याहून मोठा दावा कुणी केला तर दोन पावलं मागे सरा.

मग योग करू, जिम लावू, की पळायला जाऊ?

ज्याला तुम्ही तीन महिन्यांनी कंटाळलेले नसाल ते करा. हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल, पण माझं खरंखुरं मत हेच आहे. चालणं-पळणं, वजनं उचलणं आणि योग या तिन्हींनी ताण आणि उदासी कमी होते असं अभ्यासांत दिसलेलं आहे. योगावरचे बरेच अभ्यास छोटे आहेत, आणि त्यात एक अडचणही आहे: औषधाच्या प्रयोगात कुणाला खरी गोळी आणि कुणाला खोटी हे लपवता येतं, पण आपण योग करतोय की नाही हे माणसाला कळतंच. त्यामुळे अमुक आसनाने अमुक टक्के ताण उतरतो, असे आकडे कुणी फेकले तर ते फार मनावर घेऊ नका.

तरी निवड करायचीच असेल तर स्वभाव बघा. डोक्यात चक्र थांबत नसेल तर एकदम डोळे मिटून बसायला जाऊ नका, आधी अंग दमवा. उलट अंगात त्राणच नसेल, सकाळी उठवत नसेल, तर जिमच्या कोपऱ्यात आरशासमोर उभं राहण्यापेक्षा मोकळ्या हवेत चालणं सोपं जातं. आणि एकटेपणा हेच मूळ दुखणं असेल तर कबड्डी, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन यांना तोड नाही. संघात खेळणाऱ्याला निदान संध्याकाळी पाच वाजता कुणीतरी हाक मारतं.

आठवड्याला किती व्यायाम पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम असावा. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतका दम. वय 18 पूर्ण नसेल, अकरावी-बारावीत असाल, तर रोज सरासरी एक तास.

150 चा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चाललात तरी तो भरतो. तेवढंही जमत नसेल तर दहा मिनिटं करा. शून्यावरून दहावर येण्यात जो फरक जाणवतो, तो तीसवरून चाळीसवर जाण्यात जाणवत नाही.

हॉस्टेलच्या खोलीत जागाच नाही. गच्चीला कुलूप. करायचं कुठे?

तीन कॉट, मधे अडीच फूट वाट, त्या वाटेत बादली आणि दोरीवरून टपटपणारा टॉवेल. अशा खोलीत पर्वतासनात मागे पाय टाकला की टाच कॉटच्या लोखंडी पायावर आपटते. त्यामुळे खोलीत सूर्यनमस्कारांचा हट्ट धरू नका. उभ्या-उभ्या आणि बसून होतील असे प्रकार घ्या.

बादली बाहेर ठेवा. आधी उभं राहून ताडासन, टाचा उचलून पाच श्वास. मग वीस बैठका, घाई न करता. मग कॉटच्या कडेवर हात टेकवून जोर. जमिनीवरच्या जोरांपेक्षा हे सोपे जातात, नवख्याला दहा बारा होतात. कॉट भिंतीला टेकवून घ्या, नाहीतर ती सरकते आणि हनुवटी फुटते. मग त्याच कॉटवर गुडघे-हात टेकून मार्जारासन: श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर. दिवसभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या पाठीला याचा आराम लगेच जाणवतो. त्यानंतर बसल्या जागी वक्रासन, म्हणजे कंबरेतून वळणं, दोन्ही बाजूंना. शेवटी आडवे होऊन पाय भिंतीवर उभे सोडायचे आणि पाच मिनिटं काहीही करायचं नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटं. रूममेट हसेल. आठवड्याने तोही विचारेल.

बाहेर पडता येत असेल तर उत्तमच. पुण्यात हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, कोल्हापुरात रंकाळा, आणि कुणी ओळखीचं असेल तर पेठेतली तालीम, नागपुरात अंबाझरी, मुंबईत शिवाजी पार्क. यांतल्या बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. मुलींच्या हॉस्टेलची इन-टाइम आणि अंधारातल्या टेकडीची भीती या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यामुळे त्यांनी सकाळी उजाडल्यावर दोघी-तिघींनी मिळून जावं, आणि रेक्टरकडे हॉस्टेलचा एक हॉल सकाळी एक तास उघडा ठेवायची लेखी मागणी करावी. तोंडी मागणी विसरली जाते, अर्ज दिला की निदान शेरा मारावा लागतो.

सूर्यनमस्कार किती घालायचे? मित्र 108 चं चॅलेंज करतोय.

सुरुवात सहाने करा. श्वास न अडकता सहा झाले की पुढच्या आठवड्यात आठ. बारा नमस्कार नीट घालणाऱ्याला कुठलंही चॅलेंज लागत नाही. 108 एका दमात घालून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरणारी मुलं दर रथसप्तमीला बघायला मिळतात.

वेगाचाही विचार करा. भरभर घातले की तो दम वाढवणारा व्यायाम होतो, प्रत्येक स्थितीत एक-दोन श्वास थांबलं की अंग ताणण्याचा आणि एकाग्रतेचा. अभ्यासाने मेंदू शिणला असेल तर पहिला प्रकार, रात्री उशिरा करायचे असतील तर दुसरा. मनगट दुखत असेल तर साष्टांगात छाती जमिनीकडे नेताना कोपरं फाकलेली असतात का ते बघा. ती बरगड्यांना चिकटून हवीत.

आज घराघरांत ओळखीचा असलेला हा व्यायाम इतका पसरला त्यात सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानाचा मोठा वाटा आहे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते सुरू केले. राजालाही वेळ मिळत होता, हे मी थर्ड इयरच्या मुलांना मुद्दाम सांगतो.

कपालभातीने टेन्शन जातं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि माझं उत्तर मुलांना आवडत नाही. ताणासाठी सुरुवात कपालभातीने करू नका. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात तिची गणना प्राणायामात नाही, षट्कर्मांत आहे: धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती. म्हणजे ती शुद्धीची क्रिया. टीव्हीवर बघून मिनिटाला शंभर-सव्वाशे झटके मारणारा मुलगा शांत होत नाही, उत्तेजित होतो. घाईने आणि जोरात केल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. ज्याला आधीच पॅनिक अटॅक येतात त्याला हुबेहूब अटॅकच आल्यासारखं वाटतं.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, पोटाचं अलीकडचं ऑपरेशन, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर ती करूच नये. बाकीच्यांनी शिक्षकासमोर शिकून, रिकाम्या पोटी, सकाळी. ताणासाठी भ्रामरी घ्या. तोंड मिटून, सोडणाऱ्या श्वासाबरोबर भुंग्यासारखा गुंजारव. गुणगुणत असताना श्वास आपोआप लांबतो, मोजावा लागत नाही. पाच-सात आवर्तनं खूप झाली. त्यानंतर अनुलोम-विलोम, पण श्वास रोखून न धरता.

व्हायव्हाच्या आधी हात थरथरतात. दोन मिनिटांत काही करता येतं का?

येतं. लॅबच्या बाहेर बाकावर रांगेत बसला आहात, जर्नल मांडीवर, रोल नंबर पुकारले जात आहेत. आधी पाय जमिनीवर पूर्ण टेकवा. बहुतेकांच्या टाचा अधांतरी असतात आणि गुडघा हलत असतो. खांदे कानांकडे गेलेले असतील, ते सोडा. आता नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. एक फेरा दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण मिनिटाला साधारण 12 ते 20 घेतो. श्वास खोल ओढायची धडपड नको, हळू असला की पुरे. दोन मिनिटांत बारा फेरे होतात.

आत बोलावल्यावर पहिलं उत्तर द्यायच्या आधी श्वास सोडा, मग बोला. आवाज खाली उतरतो. आणि शेजारी बसलेला 'अरे, ते डायग्राम विचारतायत' म्हणत असेल तर तिथून उठून जिन्यापर्यंत चालत जाऊन या. हेही प्राणायामाइतकंच कामाचं.

हे आयत्या वेळी पहिल्यांदा करून बघितलं तर अर्धाच उपयोग होतो. पंधरा दिवस आधीपासून झोपताना सराव ठेवा.

परीक्षेच्या काळात व्यायाम बंद ठेवू का? तेवढाच वेळ वाचेल.

कमी करा, बंद करू नका. तासाऐवजी वीस मिनिटं. नवीन काही सुरू करू नका, जड वजनं नकोत. पेपरच्या आदल्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चिडचिड वाढते. दर पन्नास मिनिटांनी अभ्यासिकेतून उठून जिना चढ-उतार केला तरी चालेल.

वेळ वाचवायचाच असेल तर झोपेतून वाचवू नका. तुमच्या वयाला 7 ते 9 तास लागतात आणि दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्याचं काम झोपेत होतं. रात्री अकराला टपरीवर घेतलेल्या कडक कॉफीतलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनी, पहाटे चारलाही, अंगात असतं. मग नाइट मारून पेपरला गेलेला माणूस आठवत असलेलंही विसरतो.

पहाटे उठणं जमत नाही. संध्याकाळी केलं तर?

चालतं. ब्राह्ममुहूर्ताचा धाक घालून मी बऱ्याच मुलांना व्यायामापासून दूर गेलेलं पाहिलं आहे. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर, मेसच्या आधीची वेळ उत्तम. पोटभर जेवणानंतर आसनांसाठी तीन-चार तास जायला हवेत; वजनांसाठी आणि पळण्यासाठी दीड-दोन तास तरी. झोपण्याआधीच्या शेवटच्या तासात दणकून व्यायाम नको, सावकाश आसनं चालतील. वेळ कुठलीही असो, ती ठरलेली असू दे. 'वेळ मिळेल तेव्हा' म्हणणाऱ्याला सेमिस्टर संपेपर्यंत वेळ मिळत नाही.

मी रोज कर्जतहून येते. जाऊन-येऊन चार तास लोकलमध्ये. व्यायाम कधी करू?

तुमचं गणित वेगळं आहे आणि 'इच्छा असेल तर मार्ग सापडतो' असं मी म्हणणार नाही. चार तासांचा प्रवास हाच ताण आहे. सोमवार ते शुक्रवार फक्त दोन गोष्टी धरा. स्टेशन ते कॉलेज शेअर रिक्षा न करता चालता येण्याजोगं अंतर असेल तर चाला. आणि जागा मिळालेल्या दिवशी, डोळे मिटून, वर सांगितलेले चार-सहाचे श्वास दोन स्टेशनांपुरते. ताकदीचा व्यायाम शनिवार-रविवारी घरी. उभ्याने प्रवास करताना दोन्ही पायांवर सारखं वजन आणि सॅक पुढे, कंबर वाचते.

पाळीत योग करावा की नाही?

अंगाला झेपेल ते करावं. चालण्याने आणि अंग हलकेच ताणल्याने अनेकींचं दुखणं कमी होतं. बद्धकोनासन, बालासन, पायाखाली उशी घेऊन शवासन बरं वाटतं. उलटी आसनं, कपालभाती, पोटावर जोर येणारे प्रकार या दिवसांत टाळायची आपल्याकडे बहुतेक योगशाळांची रीत आहे. रक्तस्राव फार होत असेल किंवा दर महिन्याला कॉलेज बुडत असेल तर आसनं शोधत बसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

ध्यानाला बसलो की आणखी विचार येतात.

सगळ्यांनाच येतात. पण बसल्यावर छातीत धडधड, घुसमट किंवा जुन्या वाईट आठवणी उसळत असतील तर डोळे उघडा, उठा, चाला. ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी मानवतंच असं नाही. डोळे उघडे ठेवून पावलांवर लक्ष देत चालणं हा चांगला पर्याय आहे. झोपून सूचना ऐकत करायची योगनिद्राही जमते. बिहारमधल्या मुंगेरच्या योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी तिला आजचं रूप दिलं. अर्ध्यात घोरायला लागलात तर काही बिघडत नाही, झोपेची थकबाकी होती एवढंच कळतं.

ओम म्हणावंच लागतं का?

नाही.

यूट्यूबवरून शिकलं तर चालेल?

चालणं, बैठका, मार्जारासन, भ्रामरी, शवासन, खुशाल. शीर्षासन, सर्वांगासन, कुंभक (श्वास रोखून धरणं), नाही. व्हिडिओतला माणूस तुमची मान बघत नसतो.

शिक्षक शोधायला आपल्याला लांब जायला नको, याबाबतीत महाराष्ट्र श्रीमंत आहे. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट 1918 ची. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये काढलं; यौगिक क्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं हे ते त्या काळी क्ष-किरणांनी तपासत होते. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांची संस्था 1975 पासून आहे. पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या घेऊन आसन करायची त्यांची पद्धत ताठ अंगाच्या मुलांना फार सोयीची. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर 1914 चं. फी परवडत नसेल तर आधी स्वतःच्या कॉलेजचा जिमखाना बघा. त्याची फी तुम्ही दर वर्षी भरता, पावतीवर लिहिलेली असते.

घरचे म्हणतात, जिमला जातोस तो वेळ अभ्यासाला दे.

वाद घालू नका. बाबांना सकाळी फिरायला सोबत न्या. नाहीतर सहामाहीचा निकाल येईपर्यंत गप्प बसा. मात्र आरशात तासभर आणि बायसेप्सच्या रीलमध्ये आणखी तासभर जात असेल, तर घरच्यांचं बरोबर आहे. प्री-वर्कआउट पावडरींतही भरपूर कॅफीन असतं. ती घेऊन 'झोप येत नाही, टेन्शन आहे' म्हणत येणारे असतात. डब्यात उसळ, अंडी, दही, शेंगदाणे येत असतील तर एवढ्या व्यायामाला पावडरीची गरज पडत नाही.

हे सगळं करूनही बरं वाटत नसेल तर?

तर व्यायाम वाढवू नका, मदत घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, आवडीच्या गोष्टीही नकोशा होणं, झोप-जेवण पार बिघडणं, वर्गात जाणंच बंद होणं, दारूचा किंवा आणखी कशाचा आधार लागणं, यांतलं काही असेल तर कॉलेजचे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. औषधं सुरू असतील तर 'आता योग करतोय' म्हणून ती मनाने थांबवू नका.

जगणं नको झालंय असे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. मित्र असं काही बोलला तर 'सूर्यनमस्कार घाल' असं सांगू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच्या घरच्यांना किंवा विश्वासातल्या शिक्षकांना कळवा.

योगाला क्रेडिट मिळतात असं ऐकलं.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात को-करिक्युलर विषयांमध्ये योग, क्रीडा, एनएसएस, एनसीसी येतात. तुमच्याकडे यंदा काय सुरू आहे ते ऑफिसात विचारा. यादी नोटीस बोर्डावर लागते आणि दोन दिवसांत तिच्यावर दुसरी नोटीस चिकटते. नुसत्या हजेरीसाठी आलात तरी माझी हरकत नाही. तेवढा तास फोन बॅगेत असतो.

मॅट कोणती घ्यावी?

पहिले दोन महिने कुठलीच नको. बसायच्या-झोपायच्या आसनांना घरची सतरंजी चालते. उभी आसनं अनवाणी फरशीवर करा, कारण सतरंजी सरकते. घ्यायचीच झाली तर 5-6 मिलिमीटर जाडीची, हाताने घासून बघितल्यावर न घसरणारी. आणि हॉस्टेलमध्ये तिच्यावर नाव घाला.